भट्टीच्या घुमटाला कोणता माल?

जांभ्याचा चिरा रचण्यात पेडण्याच्या गवंड्याचा हात कोणी धरणार नाही. पण त्याच गवंड्याला पिझ्झाच्या भट्टीचा घुमट बांधायला सांगितला, की बहुतेक वेळा तो नेहमीचाच माल कालवतो: एक पाटी सिमेंट, पाच-सहा पाट्या वाळू. घुमट उभा राहतो, दिसतो झकास, पहिला मोसम निभावूनही नेतो. मग जून येतो. गणपती झाल्यावर भट्टी पुन्हा पेटवली की सांध्यांतून भुगा गळू लागतो आणि गिऱ्हाइकाच्या पिझ्झ्यात कचकच लागते. दोष विटेवर जातो, लाकडावर जातो, कधी गवंड्यावरही जातो. विटा मात्र बहुधा चांगल्याच असतात.

माल निवडताना सगळे एकच विचारतात, किती डिग्री सोसेल? गोव्यातल्या पार्से, मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात त्याच्याही आधी विचारायला हवं, की एकदा कडक तापलेला माल चार महिने ओल पिऊन पुन्हा तापला तर त्याचं काय होईल. या एका प्रश्नावर निम्मे पर्याय गळतात.

आपल्याकडची भट्टी

गोव्यात पाव पोर्तुगिजांबरोबर आला. सुरेचं, म्हणजे माडीचं, आंबवण घालून पाव फुगवायची युक्ती साष्टीत रुजली, आणि माजोर्ड्याच्या पोदेरांचं (पाव भाजणाऱ्यांचं) नाव त्यात आजही पहिल्यांदा घेतलं जातं. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे शापोरा नदीपलीकडच्या बार्देसपेक्षा जवळपास अडीचशे वर्षांनी. इकडच्या स्वयंपाकघरात भाकरीचं राज्य तसं उशिरापर्यंत टिकलं, पण पोदेराची सायकल आणि तिचा भोंपू आता पार्शातही सकाळचाच भाग आहे.

पोदेराची जुनी भट्टी माती, चिरा आणि विटांची. पोई, उंडे, काकणं भाजायला आत २२० ते २६० अंश सेल्सियस पुरे होतात. पिझ्झाची गोष्ट निराळी. नेपल्सच्या पद्धतीत भट्टीचा तळ ३८० ते ४३० अंश आणि घुमट ४८५ अंशांच्या आसपास लागतो, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. पोदेराकडे पन्नास वर्षं चाललेला माल पिझ्झावाल्याकडे दोन वर्षांत का उडतो, याचं अर्धं उत्तर या आकड्यांतच आहे. दुसरं कारण रोजच्या वापराचं. पोदेराची भट्टी वर्षभर रोज पेटते, म्हणून ती कधी पुरती थंडही होत नाही आणि ओलही होत नाही. किनाऱ्यावरचं हॉटेल पावसाळ्यात बंद असतं.

घुमटात माल नेमकं काय करतो

माल विटांना चिकटवून ठेवतो, असं वाटतं. तसं नाही. घुमट पुरा झाला की विटा एकमेकींवर रेलून उभ्या असतात आणि सगळा भार दाबाचा असतो. मालाचं काम तीन गोष्टींपुरतं: विटेला नीट बैठक देणं, फट बुजवणं आणि धूर अडवणं. चिकटपणाची खरी गरज बांधताना लागते, तीही वरच्या थरांत, जिथे वीट आत कलंडू पाहते आणि तो थर पुरा बंद होईपर्यंत तिला मालाशिवाय आधार नसतो.

आता थोडा हिशेब. आतला व्यास एक मीटर आणि अर्ध्या विटेची, म्हणजे ११५ मिलिमीटर जाडीची भिंत धरा. बाजारातली भट्टीची वीट साधारण २३० × ११५ × ७५ मिलिमीटरची असते. ती मधोमध तोडून वापरतात. घुमट गोल, वीट चौकोनी. त्यामुळे आतल्या बाजूला उभा सांधा ३ मिलिमीटरचा ठेवला, तरी बाहेरच्या बाजूला तोच सांधा जवळजवळ ३० मिलिमीटर उघडतो. माल निवडताना हा पाचरीसारखा सांधा बहुतेक जण विसरतात. ३ मिलिमीटरच्या सांध्यासाठी बनवलेला माल ३० मिलिमीटरच्या खोबणीत भरला की सुकताना आकसतो आणि तडकतो, मग तो कितीही महाग असो. यावर दोनच उपाय: कटर लावून विटेच्या कडा तासायच्या, किंवा बाहेरच्या बाजूने मालात त्याच विटेच्या कपऱ्या खुपसायच्या. कपरी ओली करून, थापीच्या दांड्याने हलकेच ठोकून बसवली की माल निम्मा लागतो आणि आकसायला जागाच उरत नाही.

अशा घुमटाला न तासलेल्या विटा वापरल्या तरी माल पन्नास-साठ लिटर लागतो, म्हणजे चार-पाच घमेली. विटा, घुमटावर घालायची सिरॅमिक लोकर, मजुरी यांपुढे हा खर्च किरकोळ आहे. तरीही काटकसर सगळ्यात आधी इथेच होते, याचं नवल वाटतं.

आणखी एक आकडा. भट्टीची वीट दर अंशाला सुमारे ५ ते ६ दशलक्षांश फुगते. घुमट ४५० अंशांनी तापला, तर एक मीटरचा व्यास अडीच मिलिमीटरने आणि परीघ आठेक मिलिमीटरने वाढतो. आतली बाजू फुगते, बाहेरची थंडच असते, म्हणून बाहेरून उभ्या चिरा पडतात. त्या टळत नाहीत. माल विटेपेक्षा मऊ असेल तर ही हालचाल केसाएवढ्या शेकडो चिरांमध्ये वाटली जाते. माल विटेपेक्षा कडक असेल तर वीटच फुटते. म्हणून ‘जितका मजबूत तितका चांगला’ हा स्लॅबचा नियम इथे लागू नाही.

नुसता सिमेंटचा माल का नको

साध्या सिमेंटमध्ये ताकद येते ती पाण्याशी झालेल्या संयुगांमुळे. शंभर अंशांनंतर ती हळूहळू पाणी सोडू लागतात, आणि तीनशेच्या पुढे ताकद ठळकपणे घसरते. सिमेंट घट्ट होताना त्यात बराच मोकळा चुनाही तयार होतो. हा चुना ४०० ते ४५० अंशांच्या आसपास पाणी गमावतो आणि त्याची कळी होते, म्हणजे न विरवलेला चुना.

इथवर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. बिघाड थंड झाल्यावर सुरू होतो. कळीला हवेतली ओल मिळाली की ती पुन्हा विरते, आणि विरताना फुगते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर तो कसा उकलतो आणि ढासळतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना सांध्याच्या आत काय घडतं ते वेगळं समजावायला नको. दर वर्षी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ही कळी विरायला वेळ लागत नाही. राजस्थानात हाच घुमट कदाचित जास्त वर्षं काढेल.

भट्टीचा ओटा, चिऱ्याचे पाये, लाकडं ठेवायचा कोनाडा या सगळ्याला साधं सिमेंट बिनधास्त वापरा. जाळाच्या जवळ नुसता सिमेंट-वाळूचा माल नको.

चिऱ्याचंही तसंच. चिऱ्यात लोहाची पाणीदार खनिजं असतात, ती अडीचशे-तीनशे अंशांपासून पाणी सोडतात. पावाच्या भट्टीच्या भिंतीत चिरा चालून जातो. पिझ्झाच्या घुमटाच्या आतल्या अंगाला तो नको.

मातीचा माल

सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त कमी लेखलेला पर्याय. मातीला तापाची भीती नाही, ती फुगून फुटत नाही, घुमट पाडायचा झाला तर वीट अखंड सुटते आणि माती पुन्हा भिजवून वापरता येते. उणीव एकच: पाण्यात ती विरघळते. भांड्यासारखी पक्की होण्यासाठी तिला सहाशे-सातशे अंशांच्या पुढे भाजावं लागतं, आणि भट्टीचे सांधे, अगदी आतल्या कडेचेही, तिथवर सहसा पोचत नाहीत. म्हणजे मातीचा घुमट जन्मभर कच्चाच. तो छपराखाली हवा.

माती कुठली? परसातली तांबडी माती दगडगोटे चाळून काढले तरी बहुतेक ठिकाणी रेताड निघते. शेताच्या मेरेखालची, नाहीतर तळ्याच्या काठची चिकण माती बरी. डिचोलीत कुंभारकामाची परंपरा जुनी आहे. तिथल्या कुंभाराला विचारलं तर कोणत्या कोंडातली माती भांड्याला आणि कोणती चुलीला, हे तो हातात घेऊनच सांगतो. रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती चुलीला उत्तम, हे जुन्या बायका सांगतात, आणि ते खरंही आहे. वाळवीने ती बारीक करून चिकट केलेली असते. पण पेडणे-डिचोलीत रोयण म्हणजे सातेरी देवी. तेव्हा ती खणायचा विषय न काढलेला बरा.

मातीची परीक्षा सोपी आहे. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करा आणि मनगटाएवढ्या गोलाईत वाकवा. लगेच तुटली तर माती रेताड. न तुटता वाकली आणि बोटांना सोडेना, तर फारच चिकट. तिच्यात दोन ते तीन भाग खरबरीत काहीतरी मिसळायला हवं. मग विटेच्या तुकड्यावर बोटभर जाड थर देऊन दोन दिवस सावलीत ठेवा. भेगा पडल्या तर खरबरीत भाग वाढवा. नखाने खरवडल्यावर भुसभुशीत पडली तर माती वाढवा.

हे खरबरीत काहीतरी म्हणजे वाळूच हवी असं नाही. वाळूपेक्षा भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे सुरखी, अधिक चांगली, कारण ती एकदा भट्टीतून गेलेली असते आणि आता आकसायची राहिलेली नसते. आपल्याकडे तिचा साठा घराघरामागे पडलाय. १८६०च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे सगळा किनारा त्या कौलांनी शाकारला गेला. आता स्लॅब आले, कौलं उतरली. फुटकी मंगळुरी कौलं धुवून, शेवाळ काढून, घणाने फोडून तीन मिलिमीटरच्या चाळणीने चाळली की फुकटात उत्तम सुरखी मिळते. चाळताना तोंडाला फडकं बांधा.

सिमेंट, चुना, फायरक्ले, वाळू यांचा मिश्र माल

जगभर हौशी भट्टीवाले वापरतात ते प्रमाण असं: ३ भाग बारीक वाळू, १ भाग सिमेंट, १ भाग विरवलेला चुना, १ भाग फायरक्ले. सगळं मापाने, वजनाने नव्हे. पहिल्या काही दिवसांची पकड सिमेंट देतं. पुढे ते तापून निकामी झालं तरी चुना आणि फायरक्ले सांधा भरून ठेवतात. म्हणजे सिमेंट इथे तात्पुरतं कामाला लावलेलं असतं.

आत्ताच चुन्याला नावं ठेवली आणि पुन्हा चुनाच घाला म्हणतो, असं कोणी म्हणेल. फरक असा, की विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू चुनखडी बनतो, आणि चुनखडी सातशे अंशांपर्यंत तरी हलत नाही. पण याला वेळ लागतो. खोल सांध्यात महिने लागतात. घुमट बांधून चार दिवसांत ४५० अंशांवर नेला, तर हा फायदा मिळतच नाही. पूर्वी आपल्याकडे शिंपल्यांचा चुना भाजायचे आणि जुनी देवळं, वाडे त्यावरच उभे आहेत. आता पिशवीतला बारीक चुना सर्रास मिळतो, तो चालतो. मात्र रंगकामाचा डिंक किंवा इतर काही घातलेला चुना घेऊ नका.

छपराखालच्या, घरगुती किंवा लहान हॉटेलच्या भट्टीला हा माल पुरेसा आहे. वाळूऐवजी कौलांची सुरखी घातली तर अधिकच बरा.

पोत्यातला तयार माल

इथे फसगत होते, कारण तीन वेगळ्या वस्तू दुकानात ‘फायरक्ले’ या एकाच नावाने मिळतात.

पहिली, नुसती फायरक्लेची पूड. कारखान्यातल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे गेल्यावर ती विटेशी एकजीव होते. आपल्या भट्टीत ती फक्त महागडी चिखलमाती राहते. दुसरी, सोडियम सिलिकेट घातलेली, जिला ‘एअर-सेट’ म्हणतात. ही वाळल्यावरच घट्ट होते आणि ताप उत्तम सोसते. पण ती एक ते तीन मिलिमीटरच्या सांध्यासाठी बनवलेली असते, आणि उघड्यावर सतत भिजली तर मऊ पडते. कटरने तासलेल्या विटा असतील तरच हिच्या वाटेला जा.

तिसरी, हाय ॲल्युमिना सिमेंटवरचा माल. हे सिमेंट फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं. ते घट्ट होताना मोकळा चुना तयार होत नाही, म्हणून आधी सांगितलेला विरण्या-फुगण्याचा प्रकार यात उद्भवतच नाही. चोवीस तासांत बरीचशी ताकद येते. रोज पेटणाऱ्या हॉटेलच्या भट्टीला माझी पसंती याला. उष्ण आणि दमट हवेत या सिमेंटची आतली रचना बदलून ताकद काहीशी घटते. १९७४ मध्ये लंडनमध्ये एका शाळेच्या तरणतलावाचं छप्पर त्यातूनच कोसळलं, आणि इमारतींच्या कामातून ते जवळपास बाद झालं. भट्टीचा घुमट दाबावर उभा असतो, त्याला तेवढी ताकद लागतच नाही, म्हणून तिथे ही घट सोसते.

पथ्य मात्र कडक. यात साधं सिमेंट किंवा चुना चिमूटभरही मिसळायचा नाही. माल घमेल्यातच दगड होतो. घमेलंही धुतलेलं हवं. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. म्हापशाच्या हार्डवेअर दुकानात तो मागवून देतात, नाहीतर फाउंड्रींना माल पुरवणारी कोल्हापूरची दुकानं आहेत. मागताना ‘भट्टीचं सिमेंट’ म्हणू नका. एअर-सेट की हाय ॲल्युमिना, सांध्याची जाडी किती, हे विचारा, आणि पोत्यावरची तारीख बघा. दमट गोदामात वर्षभर पडलेलं पोतं फुकट दिलं तरी घेऊ नये.

वाळू, पाणी, मीठ

समुद्राची वाळू नको. ती कितीही धुतली तरी मीठ राहतं, ओल ओढतं आणि दाराच्या लोखंडी चौकटीला गंज चढवतं. क्वार्ट्झची वाळू ५७३ अंशांना एकदम फुगते म्हणून काही जण तिला घाबरतात. आपल्या सांध्यांचं तापमान तिथवर क्वचितच जातं, तेव्हा एवढ्यासाठी झोप उडवू नये. पाणी विहिरीचं, गोडं.

तळाखाली मीठ, फुटकी काच आणि वाळू घालायची जुनी रीत आहे. काचेच्या तुकड्यांमध्ये हवा अडकते, तेवढी उष्णता खाली जायची थांबते; ते पटतं. मीठ मात्र पावसाळ्यात बंद राहणाऱ्या भट्टीत मी घालणार नाही. आणि तळाच्या विटांना माल लावायचाच नसतो. वाळू आणि फायरक्लेच्या कोरड्या थरावर त्या नुसत्या एकमेकींना घट्ट भिडवून मांडतात, म्हणजे झिजलेली वीट उपटून बदलता येते.

बांधण्याची वेळ आणि पावसाची तजवीज

दसऱ्यानंतर काम काढावं. सिमेंट किंवा चुन्याचा माल असेल तर ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर राहायला हवा. विटा लावण्याआधी क्षणभर पाण्यात बुडवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भाजल्यासारखा पांढरा पडून सुटतो.

घुमटावर सिरॅमिक लोकरीचे २५ मिलिमीटरचे दोन-तीन थर, त्यावर व्हर्मिक्युलाइट आणि सिमेंट सुमारे पाचास एक, आणि शेवटी गिलावा. लोकर हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. व्हर्मिक्युलाइट स्पंजासारखं पाणी पितं, आणि गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी सगळं पाणी आत जातं. वर पत्रा हवा, आणि तो नैऋत्येला लांब झुकलेला हवा, कारण इथे पाऊस आडवा येतो. ताडपत्री गुंडाळून ठेवली तर आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि भट्टी उघड्यावर ठेवण्यापेक्षा जास्त कुजते.

पहिला जाळ

नव्या घुमटात कित्येक लिटर पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते; वाट नाही मिळाली तर सांधा फोडून घेते. पहिले दोन दिवस फक्त नारळाच्या सोडणांची आणि काटक्यांची धग, आतलं तापमान शंभराच्या खाली. मग रोज पन्नास अंशांनी वर. आतला काळा घुमट काजळी जळून पांढरा पडू लागला, की साडेतीनशेच्या पुढे गेलात. तिथवर यायला आठवडा लागू दे. उद्घाटनाची तारीख छापून झाली असेल तर ती पुढे ढकला.

पावसाळ्यानंतरही हेच, फक्त दिवस कमी: पहिल्या दिवशी तासभर धग, दुसऱ्या दिवशी दीडशे अंश, तिसऱ्या दिवशी अडीचशे. बाहेरच्या बारीक चिरा तशाच राहू द्या. आतल्या सांध्यात नखाएवढी फट दिसली आणि धूर घुमटातून झिरपत असेल, तर भट्टी थंड करून, फट तारेच्या ब्रशने झाडून, ज्या मालाने बांधली त्याच मालाची पातळ लापशी बोटाने दाबून भरा. आणि पुढच्या जाळाआधी तिला दोन दिवस वाळू द्या.